लालबागेतली दुपारची झोप

त्या हिवाळ्यात आम्ही पाच जणी गोधड्या शिवत होतो. सकाळी एकत्र फिरायला जायचो, एवढीच आमची ओळख. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंना आम्ही ताई म्हणायचो. त्यांची मुलगी नेपाळात, डोंगरातल्या एका गावी नर्स आहे. तिथे दरड कोसळून बरीच माणसं गेली. मागे मुलं उरली, आणि त्यांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आज्या. मुलांना अनाथाश्रमात न पाठवता आजीपाशीच राहू द्यायचं, आणि त्या घराला धान्य, शाळेचा खर्च, छपरावर घालायला पत्रे पुरवायचे, असं काम ती आणि तिच्या मैत्रिणी करत होत्या. फिरता फिरता ताईंनी हे सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्याच नकळत हळू चालू लागलो. घरी पोचेपर्यंत ठरलं, गोधड्या शिवून विकायच्या आणि पैसे तिकडे पाठवायचे.

मल्हारगंजातल्या माझ्या मावशीने जुन्या साड्यांचं गाठोडं दिलं, बेटम्याहून माझ्या नणंदेने पाठवलं. ताईंच्या गच्चीवर उन्हात बसून आम्ही धावदोरा घालायचो. साड्यांना कुठे अत्तराचा, कुठे कापराचा वास यायचा. कोणाची तरी डोहाळजेवणाची हिरवी, कोणाची तरी रोज नेसून मऊ पडलेली निळी. शिवताना बोलणं आपोआप थांबायचं, आणि खालच्या रस्त्यावरची गर्दी कुठल्या तरी दुसऱ्याच शहरातली वाटायची.

लालबागेत, जुन्या राजवाड्याच्या आवारात, जत्रा भरली तेव्हा आम्हाला एक कोपरा मिळाला. झाडांना दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या. वारा आला की सगळे रंग एकदम श्वास घ्यायचे. पण विक्री होईना. लोक हात फिरवायचे, "मस्त है" म्हणायचे आणि कचोरीकडे वळायचे. ताईंचा चेहरा उतरत चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. अंगात स्वेटर, डोळे लाल. आम्ही बसायला अंथरलेल्या गोधडीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"ताई, जरा लेटू का इथे? पाच मिनिटं, बस."

ताईंनी दुसरी गोधडी त्यांच्या अंगावर घातली. पाच मिनिटं कधीच उलटून गेली. झाडाची सावली त्यांच्या पायांवरून छातीवर सरकली, पाळण्यांचा कर्णा वाजत राहिला, आणि आजोबा झोपलेलेच. आम्हीही कुजबुजत बोलू लागलो. त्या गोंगाटात आमच्या कोपऱ्यापुरती संध्याकाळ लवकर उतरल्यासारखं झालं.

मग एक बाई धावत आली. "बाबा! कुठे कुठे ढुंढलं तुम्हाला!" म्हणत ती वाकली आणि तशीच थबकली. मग गवतावर बसली आणि रडू लागली.

"उठवते मी त्यांना," मी म्हटलं.

"नको ना, प्लीज. आई गेल्यापासून बाबा असे झोपलेच नाहीत. रात्रभर घरात फिरत असतात."

आम्ही तिला चहा दिला. आजोबा जागे झाले ते लहान मुलासारखे, आपण कुठे आहोत हे न कळून. अंगावरची निळी गोधडी त्यांनी घडी करून काखेत मारली आणि लेकीला म्हणाले, "ही घेऊ या."

तिसऱ्या दिवशी ते सकाळीच हजर. "मी बसतो इथे. कोणी लेटलं, तर त्यांचे जोडे सांभाळीन." त्यांच्या बोलण्यावरूनच आम्हाला सुचलं. पुठ्ठ्यावर लिहिलं, "गोधडी ओढून झोपून बघा. जमेल ते डब्यात टाका." खाली तेच हिंदीत.

"भिया, अब सोने का भी पैसा?" एक कॉलेजचा मुलगा हसला.

"नींद आए तो देना, भिया," आजोबा गंभीरपणे म्हणाले.

तो झोपला. मग त्याचे मित्र झोपले. नवरात्रापासून रोज दुकानात उभ्याने काम करणारी एक बाई झोपली, तान्ह्या बाळासकट एक आई झोपली. झाडांखाली रंगीत उंचवटे हलकेच वरखाली होत होते, आणि आजोबा जोड्यांच्या रांगेशी पहारा देत होते. उठलेली माणसं डब्यात काहीतरी टाकायची, पण बहुतेकांना ती गोधडी सोडवत नसे. जत्रा संपायच्या आत दोऱ्या रिकाम्या झाल्या.

पैसे ताईंनी बँकेतून रीतसर पाठवले. थंडी सरता सरता एका दुपारी नेपाळहून ताईंच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळ्या ताईंकडे होतो, आजोबाही होते. पडद्यावर धुकं, धुक्यात नवे पत्रे घातलेलं एक घर, दारात एक आजी आणि तिला बिलगलेल्या दोन नाती. धाकटी आमच्याकडे बघून लाजली आणि आजीच्या पदराआड गेली.

आजींनी हिंदीत विचारलं, "आप लोगों ने क्या बेचा?"

आजोबा पुढे सरकले. "गोधडी बेची, माताजी. और मैं वहीं सो गया."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "मुझे भी अब नींद आती है."

आजोबांनी मान हलवली. आजींच्या मागे डोंगरावर धुकं चढत होतं. थोरली नात पुढे आली आणि नव्या पुस्तकातला नेपाळी धडा मोठ्याने वाचू लागली. आम्हाला एक शब्दही कळत नव्हता, तरी कोणीही फोन खाली ठेवला नाही.