खतीजाबीची तोंडी परीक्षा

माझ्या इंग्रजीच्या गुरूला इंग्रजीतला एक शब्दही येत नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. हसण्यासारखं त्यात काही नाही. मी आज जी कोणी आहे ती त्या बाईमुळे आहे, आणि हे लिहायला मी इतकी वर्षं लावली याचीच मला लाज वाटते.

खतीजाबी आमच्या डोंगरकडा गावात आणि आसपासच्या गावांत बांगड्या भरायची. कळमनुरीच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. बाकीचे दिवस ती गावोगाव फिरायची. नवरा नासेर सायकलला पेट्या बांधून पुढे जायचा आणि ही मागून चालत, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत यायची. नासेरचाचा गावात पोचून, दोनदा चहा पिऊन, कंटाळून बसलेला असायचा तेव्हा कुठे ही वेशीत दिसायची. लहानपणी उर्दू शाळेत दुसरीपर्यंत गेली, मग धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी बसवलं. त्याची तिला तक्रार होती आणि ती तक्रार ती मोठ्यानं करायची. गप्प राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मी तिच्या अगदी उलट. माझे वडील ज्ञानबा मेंढरं राखायचे. वर्षातले सहा महिने मेंढरांमागं हिंडणारा माणूस, घरी आला तरी दिवसाला दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ. आमच्याकडे शिस्त एकच होती. मोठ्या माणसानं विचारलं तर मान खाली घालून, विचारलं तेवढंच सांगायचं. त्याहून जास्त बोलणारी पोरगी आगाऊ. ही शिस्त मला परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजापर्यंत छान पुरली. पेपर चांगले जायचे, आणि कमी बोलणारी विद्यार्थिनी कोणत्या सरांना आवडत नाही?

२००४ साली पदवी मिळाली. मेंढरांच्या रोगांवर पुढे शिकायचं माझ्या मनात होतं, आणि ते जिथे नीट शिकवतात त्या स्कॉटलंडातल्या एका विद्यापीठानं मला शिष्यवृत्तीसकट प्रवेश दिला. अट एवढीच होती की इंग्रजीची परीक्षा द्यायची, कोणत्याही भागात सहाच्या खाली यायचं नाही, आणि निकाल पुढच्या जुलैअखेर त्यांच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला.

तेव्हा परीक्षा दोन होत्या. टोफेल संगणकावर द्यायची असे. कानाला हेडफोन, हातात माउस, आणि कोणाशी बोलायचं काम नाही. आयईएलटीएस कागद-पेन्सिलीची होती, पण त्यात शेवटी परीक्षकासमोर बसून पंधरा मिनिटं बोलावं लागे. संगणकाला मी कॉलेजात मोजून चार वेळा हात लावला होता. माउस पकडला की बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. म्हणून मी आयईएलटीएस निवडली. पंधरा मिनिटांचं काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं.

अभ्यास मी जीव तोडून केला. कॉलेजच्या ग्रंथालयातून सरावाची पुस्तकं आणि दोन कॅसेटी आणल्या आणि घरच्या टेपवर घासून घासून ऐकल्या. वडील एकदा दारातून म्हणाले, "ह्या बाया एवढ्या काहून भांडून राहिल्या?" त्या बिचाऱ्या ग्रंथालयाची वेळ विचारत होत्या.

मार्चमध्ये पुण्यात परीक्षा झाली. बोलण्याच्या परीक्षेला एक गोऱ्या बाई होत्या. तुमचं गाव कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चांगलं आहे मॅडम. घरी कोण कोण असतं? आई, वडील, भाऊ, मॅडम. त्या थांबायच्या, मीही अदबीनं टेबलाकडे बघत थांबायची. मग एक कार्ड देऊन दोन मिनिटं बोला म्हणाल्या. मी पाव मिनिटात आटोपलं. मोठ्या बाईंचा वेळ खाल्ला नाही म्हणून मी खुशीत बाहेर पडले. निकाल आला तेव्हा ऐकण्यात सात, वाचण्यात साडेसात, लिहिण्यात सहा आणि बोलण्यात पाच होते.

तो कागद मी आठ दिवस कोणाला दाखवला नाही. तेव्हाच्या नियमानं ही परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागे. म्हणजे जून उजाडणार आणि संधी एकच उरणार. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं फोनवर सल्ला दिला, टोफेल दे, तिथं तोंड उघडायचं कामच नाही. मला पटलं. हिंगोलीत जाऊन संगणक शिकायचा, असं मी ठरवूनही टाकलं.

एप्रिलच्या शेवटी माझी चुलत बहीण सीमा हिचं लग्न होतं. घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायला खतीजाबी आली. माझा हात तिनं हातात घेतला आणि पहिलीच बांगडी वाढली. लग्नघरात फुटली म्हणत नाहीत. मग दुसरी वाढली.

"काहून गं, हात लाकडावानी धरला? बोल काहीतरी."

"काय बोलू, खाला?" आम्ही पोरी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो.

"काय बी बोल. बाई बोलाया लागली का हात आपसूक ढिला पडतो. मुक्या बाईला बांगड्या भरनं म्हंजे लई तकलीफ." मग स्वतःच म्हणाली, "सांग बरं, पानकाळ्यात तुमची मेंढरं लंगडतात काहून?"

हा माझ्या आवडीचा विषय. मी खुरांच्या कुजण्याबद्दल सांगू लागले. ती म्हणायची, "मंग?" मी पुढचं सांगायची. ती म्हणायची, "असं काहून?" मी कारण सांगायची. "तू काय केलं मंग?" मी गेल्या वर्षीच्या आमच्या कळपाची सगळी हकिगत सांगितली. थांबले तेव्हा दोन्ही हात हिरव्यागार बांगड्यांनी भरले होते आणि मला कळलंही नव्हतं.

त्या हातांकडे बघता बघता पुण्याच्या बाई डोळ्यांपुढे आल्या. त्यासुद्धा मंग आणि काहूनच विचारत होत्या. मला तिथंच रडू फुटलं. खतीजाबीला मी परीक्षेचं सगळं सांगून टाकलं, टोफेल देणार आहे हेही सांगितलं.

तिनं पेटी बंद केली. "म्हंजे बोलल्याबिगर सुटका होईल अशी परीक्षा घेतेस. पास बी होशील. मंग तिथं जाऊन काय, मुकी राहशील? तिथल्या मेंढरावाल्यायला काय खुनेनं सांगशील?"

टोफेल मी त्या दिवशी सोडली आणि जूनच्या आयईएलटीएसचा अर्ज भरला.

मग सुरू झाली माझी शिकवणी. बाजाराच्या दिवशी मी कळमनुरीला तिच्याजवळ बसायची. गिऱ्हाईक नसलं की ती म्हणायची, "चल, इंग्लिशमधी सांग."

"तुमाला समजणार न्हाई, खाला."

"तू थांबली का ते समजतं. मला तेवढंच बघायचं."

मी अडखळले की तिचं "मंग?" तयार. मी खाली बघितलं की हनुवटी धरून माझं तोंड वर करायची. "तिकडं बांगड्याकडं काय बघतेस? त्याह्यला परीक्षा घ्यायची का?" लोक जमायचे, हसायचे. ती त्यांना झाडायची, "पोरगी अभ्यास करून राहिली. बांगड्या घ्या न्हाई तर पुढं व्हा!" व्याकरणाची माझी एकही चूक तिनं सुधारली नाही, पण न थांबता बोलायला तिनं शिकवलं. पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं मी आधी घोकून जायची, तर तिला तेही कळायचं. "आज पाठ केलेलं बोलून राहिली तू, आवाज एकाच पट्टीत चालला," म्हणायची, आणि मला नव्यानं सुरुवात करायला लावायची.

मे महिन्यात एका बाजाराच्या दिवशी वडील मेंढरं विकायला आले होते. भर बाजारात मोठ्यानं बोलणारी आपली लेक बघून ते जागच्या जागी उभे राहिले. माझी वाचा बसली. खतीजाबी म्हणाली, "मंग?" मी वडिलांकडे बघितलं. ती आणखी जोरात म्हणाली, "मंग?" मी पुन्हा बोलू लागले.

"खतीजाबी, काय बोलून राहिली ही?" वडिलांनी विचारलं.

"मला काय ठाव, ज्ञानबाभाऊ? पण आज थांबली न्हाई बघा."

वडील तिथंच मातीत बसले. माझं संपेपर्यंत एक शब्द न समजता ऐकत राहिले, आणि जाताना मला म्हणाले, "बोल, बोल." त्या दोन शब्दांनी केवढं ओझं उतरलं ते माझं मला माहीत.

जूनमध्ये पुण्याला परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. कार्डावर विषय होता, तुम्ही केलेला एखादा प्रवास. मी मेंढरांसोबत वडिलांबरोबर पैनगंगेपर्यंत चालत गेले होते ते सांगू लागले. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून सांगत होते. त्यांनी वेळ संपल्याची खूण करायला हात वर केला, तरी मी आणखी दोन वाक्यं बोलून घेतली. मला कोणी थांबवावं लागलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकालाचा लिफाफा आला. मी तो घेऊन तडक कळमनुरीचा बाजार गाठला. खतीजाबीनं कागद उलटसुलट करून बघितला.

"हे चार आकडे कायचे?"

सहाच्या खाली एकही नव्हता. मी एकेक सांगितला. ऐकायचा, वाचायचा, लिहायचा, बोलायचा.

"ह्याच्यात माझा कोनता?"

मी तिचं बोट धरून शेवटच्या आकड्यावर ठेवलं. "हा, खाला. सात. हा तुमचा."

ती बोट तसंच त्या आकड्यावर ठेवून बसली. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, तुमचे उपकार कसे फेडू वगैरे, पण तिनं मला त्याची संधीच दिली नाही. तेवढ्यात एक बाई बांगड्या भरायला आली. खतीजाबीनं कागद मला न देता आपल्या मांडीखाली नीट ठेवला, त्या बाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला इंग्लिशमधी सात आले."

संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येकीला ती हेच सांगत होती, आणि कोणी खरं का म्हणून माझ्याकडे बघितलं की मी म्हणत होते, व्हय, खरं आहे.