लॅम्पवाल्या भाऊंची वसाहत

माणसं एकमेकांना का आवडतात आणि का नावडतात, याचं पक्कं उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्याच्या घरी कुणी जात नसे. माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत, जिथल्या शाळेत मी मास्तर होतो, ते माझे शेजारी होते. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती. खाणीच्या लॅम्प रूममध्ये त्यांची नोकरी. खाली उतरणाऱ्या माणसानं खिडकीतून आपलं पितळी टोकन आत सरकवायचं आणि टोपीला लावायचा दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा परत करून टोकन न्यायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे सगळी कॉलनी त्यांना लॅम्पवाले भाऊ म्हणे. रोज शेकडो माणसं त्यांच्यासमोर येत आणि जात, पण खिडकी एवढीशी होती की भाऊंना बहुतेकांचे फक्त हात माहीत होते. कॅन्टीनमध्ये एकदा एक पाठमोरा माणूस कपबशी उचलत होता. भाऊ मला म्हणाले, "सर, हा दोनशे चौदा नंबर. अंगठ्यावरून ओळखला." तो माणूस वळला आणि त्यानं भाऊंना ओळखलं नाही.

भाऊंना त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी ते दाखवत नसत. त्यांचा नियम असा की दिवा देताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचाच, आणि तोही एकच, "आज भाजी काय होती?" पहिल्या पाळीची रांग उभी आहे, मुकादम ओरडतो आहे, आणि भाऊ खिडकीत दिवा धरून उत्तराची वाट बघत आहेत. कुणी "वांगे" म्हणे, कुणी "आलू" म्हणे, कुणी वैतागून "गवत!" म्हणे. भाऊ त्या गवतालाही मान डोलावत आणि मगच दिवा सोडत. मी एकदा त्यांना विचारलं की एवढ्या भाज्यांचं तुम्ही करता काय? ते म्हणाले, "सर, लहान बोलण्यानंच माणूस जवळ येते. मोठं बोलणं लय खतरनाक रायते. मोठ्या बोलण्यात हो नाई तं नाई, दोनच रस्ते. लहान बोलण्यात नुकसान नाई जी." माणसाच्या स्वभावाबद्दल इतकं शास्त्रशुद्ध बोलणं खाणीच्या लॅम्प रूममध्ये कुठून आलं, हे मला पुढे त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

त्यांच्या समोरच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. मॉनिटरवर विणलेलं पांढरं कव्हर, कीबोर्डवर रुमाल. कॉम्प्युटर मुलीसाठी घेतलेला होता आणि तिनं मैत्रिणीकडून आणलेली एका खेळाची सीडी त्यातच राहिली होती. खेळ असा की एका ओसाड माळावर डझनभर माणसं उतरवायची, त्यांच्याकडून घरं बांधून घ्यायची, शेत पेरून घ्यायचं आणि त्यांना जगवायचं. घरं आणि शेतं आपल्या हातात, पण माणसांचं आपसातलं नातं आपल्या हातात नाही. ती येता-जाता आपली आपण बोलत. बोलणं जमलं की एकाच्या मनातली दुसऱ्याबद्दलची हिरवी पट्टी वाढे, कुणी टोचून बोललं की लाल पट्टी वाढे. एका शेतात काम केलं, शेजारी बसून जेवण झालं, आजारपणात कुणी उचलून नेलं, त्या प्रत्येकाची नोंद त्या पट्ट्यांत होई. माणसावर माऊस नेऊन दाबलं की त्याची सगळी यादी उघडे, कोण आवडतं, कोण डोक्यात जातं, आणि का. दुसरे लोक असल्या खेळात शत्रूला मारायला बसतात. भाऊ दर रविवारी दुपारी जेवण करून, हात धुऊन, खुर्चीत मांडी घालून फक्त याद्या वाचत बसत.

बरं, वाचून गप्प बसते तर प्रश्न नव्हता. पण त्यांनी त्या माळावरच्या माणसांना कॉलनीतल्या माणसांची नावं दिली होती. एकटा राहणारा मास्तर म्हणून मलाही तिथं वसवलेलं होतं. मी विहीर खोदत होतो. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चहा देण्याआधी त्यांनी माझी यादी दाखवली आणि अगदी डॉक्टरी चेहऱ्यानं सांगितलं, "सर, तुमचं कोणासंगच जमून नाई राह्यलं. दिवसभर विहिरीतच रायता. वर येता, जेवता, झोपता. असं कसं होईन?" मी हसलो. घरी येऊन कुलूप काढताना मात्र मला ते हसणं पुरलं नाही, कारण माझी कॉलनीतली सात वर्षं त्याहून थोडक्यात कुणाला सांगता आली नसती. मी त्यांना विचारलं होतं की या सगळ्यांत तुम्ही कुठे आहात? ते म्हणाले, "मी कुठी? मी वरून पायतो ना."

खेळ आणि कॉलनी यांच्यात भाऊंच्या मनात जी भिंत होती ती आमच्या क्वार्टरांमधल्या भिंतीपेक्षाही पातळ होती. हनुमान मंदिराच्या भंडाऱ्याला पंगत बसवायचं काम एका वर्षी त्यांच्याकडे आलं. आमच्या कॉलनीत पंप ऑपरेटर आणि दवाखान्यातला कंपाउंडर यांचं हाडवैर होतं. ऑपरेटरच्या कोंबड्या कंपाउंडरच्या वाफ्यात अंडी घालत, आणि अंडी कुणाची, यावर दोन घरांतलं हळदीकुंकू बंद झालं होतं. भाऊंनी नेमके हे दोघं शेजारी बसवले. दोघंही उठून उभे राहिले. भाऊ हातातलं वरणाचं भगोणं खाली ठेवून कंपाउंडरला म्हणाले, "मागच्या आठवड्यात तुमी याले पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, आन् आता संग जेवाले लाजता काऊन?" कंपाउंडर हा असा माणूस की स्वतःची सायकल पायरीवर चढवायची तर बायकोला हाक मारी, आणि ऑपरेटर खाटेवर बसला की खाट बोले. कंपाउंडर चकित होऊन म्हणाला, "मी? याले? कवा?" ऑपरेटर म्हणाला, "मले तं काई आठवत नाई बाप्पा." भाऊ ठासून म्हणाले, "मंगळवारी. पाय मोडला होता ना तुमचा." ऑपरेटरनं खाली आपल्या दोन्ही पायांकडे नीट पाहिलं. सगळी पंगत हसून फुटली, आणि मग ते दोघंही हसले. वैर काही मिटलं नाही, पण त्या दिवशी दोघं शेजारी जेवून उठले. पुढे कित्येक दिवस लोक कंपाउंडरला रस्त्यात थांबवून, आज कुणाला उचलायचं आहे, असं विचारत.

या माणसाची गंमत करणं सोपं होतं आणि मीही ती स्टाफरूममध्ये पुष्कळ केली. पण त्यांच्या घरात एक गोष्ट होती जिची गंमत होत नव्हती. बायको लवकर गेलेली. मुलगी एकुलती एक, नर्सिंग शिकलेली, अहेरीकडच्या एका उपकेंद्रात नोकरीला लागली आणि तिथंच तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. मुलगा जातीतला नव्हता. ती सांगायला आली तेव्हा भाऊ एकच वाक्य बोलले होते, "जायचं असंन तं जा, मंग या घरात पाय ठेवू नको." ती गेली. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, भाजी सांगावी तसं. मी म्हटलं, भाऊ, जाऊन या ना एकदा. त्यावर त्यांनी मला समजावलं की घाई करण्यात अर्थ नाही. खेळात अपमानाला मुदत असते. कुणी कितीही वाईट बोललेलं असो, मध्ये कुणी पडलं नाही तर लाल पट्टी रोज थोडी थोडी उतरत जाते आणि एक दिवस साफ होते. "आपण आता गेलो तं जुनं उकरल्यासारखं होते. राग आपोआप उतरते सर. फक्त तेवढं थांबा लागते." असं ते तीन वर्षं थांबले होते. दर पावसाळ्यानंतर म्हणत, अजून थोडं बाकी असेल.

एका रविवारी दुपारी त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा. खेळात त्यांनी मुलीच्या नावाचीही एक बाई ठेवली होती, आणि तिचं कुणाशी वाजू नये म्हणून नदीपलीकडे एकटीला झोपडी बांधून लाकडं तोडायला लावलं होतं. त्यांनी तिच्यावर माऊस नेला. "पाहा. एक लाल पट्टी नाई राह्यली. कोणावर राग नाई पोरीचा." मी पाहिलं. लाल पट्टी नव्हती. हिरवीही नव्हती. यादीत नावंच नव्हती. तिला आता कुणी आवडत नव्हतं, कुणी नावडत नव्हतं, पलीकडच्या काठावरची सगळी माणसं तिच्या लेखी अनोळखी झाली होती. मी मास्तर माणूस, चूक दिसली की बोट ठेवायची खोड. मी म्हणालो, "भाऊ, नुसता रागच नाही, बाकीचंही गेलंय सगळं. थांबलं की दोन्ही उतरतं." भाऊ उठले आणि त्यांनी भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं. मला तेव्हाच वाटलं की मी हे जरा हळू सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी रजा टाकली. लॅम्प रूममध्ये बदली माणूस बसला आणि सबंध पाळी भाजी न सांगता खाली उतरली. पहिल्या बसनं ते चंद्रपूरला गेले, तिथून आष्टीवरून अहेरीला, आणि रात्री उशिरा परत आले. मी ओट्यावरच बसलो होतो. मी काही विचारण्याआधी ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "लय चांगली वागली जी. पाणी देल्लं. नव्या कपात चहा देल्ला. जावई बी बसला संग. परतीची गाडी किती वाजता हाय, थे विचारलं, आन् उशीर नको व्हाले म्हणून स्टँडवर सोडून देल्लं." मी म्हटलं, मग चांगलंच झालं की. ते टोपी हातात फिरवत राहिले. "राग नाई राह्यला तिच्यात सर. थोडा असता तं बरं झालं असतं." इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतर भाऊंनी कॉम्प्युटरला कव्हर घातलं आणि रजेच्या प्रत्येक दिवशी अहेरीची बस धरली. जाताना कधी बोरं, कधी जवसाची चटणी. प्रत्येक वेळी पाणी, चहा, परतीची गाडी. खिडकीतला प्रश्न त्यांनी तिथंही चालवून पाहिला. मुलगी भाजीचं नाव सांगे आणि गप्प बसे. मी म्हटलं, भाऊ, त्या वाक्याबद्दल एकदा माफी मागून टाका. ते म्हणाले, मोठं बोलायला तोंड उघडतो आणि पुन्हा भाजीच विचारली जाते. असं सहा-सात महिने चाललं. मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. भाऊ त्या दिवशी लवकर पोचले, दाराला कुलूप, मुलगी ड्युटीवर. शेजारी विचारायचं सोडून हा माणूस दोन तास अंगणात दगडावर उन्हात बसून राहिला. मुलगी आली तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं. तिनं त्यांना आत ओढलं, डोक्यावर बादली ओतली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मग जी सुरू झाली ती गल्ली जमा होईपर्यंत थांबली नाही.

हे सगळं मला भाऊंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. खरं म्हणजे मला एकट्यालाच नाही, पहिल्या पाळीच्या अख्ख्या रांगेला सांगितलं. खिडकीतून अर्धे बाहेर येऊन, उन्हानं सोललेल्या नाकानं ते ओरडत होते, "काल पोरगी भांडली! लय भांडली!" मी शाळेत जाता जाता थांबलो तर त्यांनी मला शब्दन् शब्द ऐकवला, तिच्या आवाजात, हातवारे करून. "'बाबा, तुले अक्कल हाय का? मराचं होतं तं माह्या दारात काऊन आला? तीन वर्षं पोरगी मेली का जिती, विचारलं तुनं? मी दर दिवाळीले दारात उभी राहो, बाबा येईन म्हणून!' असं म्हणे सर! थाळी फेकली! जावई मधात पडला तं त्यालेही झापलं!" भाऊंचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. रांगेतला एक जण म्हणाला, "मंग तुमी काय म्हटलं भाऊ?" भाऊ म्हणाले, "मी म्हटलं, चुकलं माय माह्यं. एवढंच म्हटलं. मंग दोघंही रडलो." मुकादमानं त्या दिवशी आरडाओरडा केला नाही.

पुढच्या वर्षी भाऊ रिटायर झाले आणि सामान ट्रकमध्ये घालून अहेरीला गेले. निघताना मुलगी ट्रकवाल्याशी, हमालांशी आणि मुख्यतः बापाशी मोठमोठ्यानं भांडत होती, आणि भाऊ तिच्या मागं मागं खाली मान घालून, लग्नघरातल्या यजमानासारखे खूश फिरत होते. मला हेवा वाटला, हे कबूल करतो. माझ्यावर असं ओरडणारं जगात कुणी नव्हतं. आता नागपुरात फ्लॅटमध्ये राहतो, तरी नाही. इतक्या वर्षांत माझं आणि भाऊंचं एकदाही वाजलं नव्हतं. ट्रकमध्ये चढताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सर, सुट्ट्या लागल्या का या. नाई आले तं राग येईन बरं मले." मी येतो म्हणालो. त्या उन्हाळ्यात शाळेचं काम निघालं, पुढच्या वर्षी माझी बदली झाली, आणि मग इतके दिवस लोटले की जायला तोंड राहिलं नाही. मी गेलो नाही. भाऊंना माझा राग आला असेल, आणि तो अजून उतरला नसेल, अशी मला फार आशा आहे.