गोकुळाबाईची हवेची नळी

गोकुळाबाईच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं तर पाहुण्यानं मन जरा मोठं करावं लागतं. गोंडपिपरीच्या रस्त्यावर, तळ्याच्या पाळीखाली एक टिनाचं शेड, सहा शिलाई मशिनी आणि जाड पिवळ्या कापडाचे गठ्ठे. इथं कोळशाच्या खाणीत हवा नेणाऱ्या नळ्या शिवतात. नळी कापडाची, पोटात तारेच्या कड्या. दाबली की टोपलीत मावते, पंखा लावला की माणूस आत रांगेल एवढी फुगते.

गोकुळा मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. नवरा इस्तारी तळ्यात जाळं टाकायचा, फाटलं की ही सांधायची. थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणणारा धाकटा भाऊ धनराज खाणीत कामाला. एकदा जेवता जेवता तो सहज बोलून गेला, "बाई, आमच्या नळीची हवा सांध्यासांध्यातूनच गळून जाते. नळीच्या आखरीले काम कराचं म्हणजे जीव गुदमरते."

कडेवर खेळवलेला भाऊ जमिनीखाली हवेसाठी तोंड उघडतो, हे तिला सोसवेना.

अंगणात मासे धरायचा बांबूचा सापळा पडला होता. त्याचं तोंड आत वळलेलं असतं. मासा शिरतो, पण परतायची वाट त्याला सापडत नाही. गोकुळानं धनराजकडून जुन्या नळीचे तुकडे मागवले आणि एकाच्या टोकाला तशीच आत वळलेली कापडाची झालर शिवली. टोक पुढच्या नळीत सारलं आणि हवा जोरात आली, की झालर कडेला चिकटून सांधा बंद. खाणीतल्या साहेबांना कल्पना पटली, पण त्यांनी बजावलं, "दोनशे मीटर शिवून आणा, लावून पाहू. टोकाला हवा पोहोचली नाही तर सगळा माल परत."

माल तयार झाला. तो ओला होऊ नये म्हणून इस्तारीनं मोठ्या काळजीनं कोठीत रचला. त्याच कोठीत वर सुके झिंगे टांगलेले! महिनाभर कोणाच्या ध्यानात आलं नाही. ढिवराच्या घरी झिंग्यांना वास असतो, हे सांगायला बाहेरचा माणूस लागतो.

तो खाणीवर भेटला. गठ्ठा सोडताच स्टोअरच्या बाबूनं नाक धरलं. "बाई, नळी आणली का मासळीबाजार?"

गोकुळा मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"मले तं काईच वास नाई येऊन राह्यला," इस्तारी म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो लगबगीनं पुढचा गठ्ठा सोडायला लागला.

साहेब म्हणाले, वासाचं मागाहून पाहू. नळ्या खाली गेल्या. गोकुळाला खाली जायची परवानगी नव्हती. ती फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसून राहिली. हवा पोहोचली नाही तर भाऊ तसाच गुदमरत राहील, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

पाळी सुटली. काळ्याकुट्ट तोंडाचा धनराज हसत पळतच आला.

"बाई, मी अगदी आखरीले उभा होतो! पंखा चालू झाला, नि थोड्या वेळात झिंगेच आले नाकात! साहेबाचं हवा मोजाचं मीटर मागून आलं. मी तं आंधीच वरडलो, माह्या बाईची हवा आली म्हणून!"

गोकुळा हसली, आणि हसता हसता रडू लागली.

आज तिच्याकडे पाच बाया शिवतात आणि झिंगे कोठीत येऊ द्यायचे नाहीत अशी सक्त ताकीद आहे. फक्त धनराजच्या खाणीचा माल निघाला, की ती शेवटच्या नळीत मूठभर झिंग्यांची पुरचुंडी बांधते. कोणी हसलं तर म्हणते, "हवा पोचली का नाई, ते त्याले समजाले नको?"