त्यांच्या भिंतीवरची मेंढरं

साठच्या दशकातला एक रविवार. स्टुटगार्टला दादाच्या होणाऱ्या सासऱ्यांकडे मी पहिल्यांदाच कॉफीला गेलो होतो. दादा तिथे इंजिनिअर म्हणून स्थिरावला होता, मी नुकताच शिकायला आलो होतो. चढावरच्या त्या घरात, बैठकीच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. मागच्या शतकातलं, डच. अर्ध्याहून जास्त चित्र म्हणजे नुसतं आभाळ, राखाडी, ओलं. खाली चिखलाची वाट, वाऱ्याकडे पाठ करून दाटीनं चाललेली मेंढरं आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला मेंढपाळ.

माझा जीव हरखला. आम्ही धनगर. पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडे परतताना असलंच आभाळ डोक्यावर घेऊन आमचे वडील, आबा, कळपामागं चालायचे. या चित्रकारानं आमच्या आबांना कुठं पाहिलं, असंच वाटलं मला.

सासरे कौतुकानं सांगू लागले, "त्या काळी हॉलंडच्या चित्रकारांनी राजेरजवाडे सोडले आणि चिखल, पाऊस, गरीब माणसं रंगवायला घेतली. मग, तुमच्याकडे असतात का असे मेंढपाळ लोक?"

आता दादा छाती फुगवून सांगणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"असतात ना," दादा ऐटीत म्हणाला. त्याची जर्मन फार सफाईदार. "आमच्या शेतात यायचे. जमिनीला खत मिळावं म्हणून आम्ही त्यांच्या मेंढ्या रात्रभर शेतात बसवायचो, बदल्यात धान्य द्यायचो. आई मात्र त्यांना ओट्यावर चढू द्यायची नाही. त्यांच्या बायकांनी पाणी मागितलं, तर वरून ओंजळीत ओतायची."

आणि हसला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेत कुठलं आमचं? आमच्या होत्या त्या मेंढ्या. ती ओंजळ आमच्या आईची होती, आणि ती पाणी पीत असताना हाच तिचा पदर धरून शेजारी उभा असायचा.

"दादा, खरं सांग त्यांना," मी मराठीत म्हणालो.

"गप बस. माझं लग्न ठरतंय इथं."

मग मीच माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "शेत दुसऱ्यांचं. मेंढ्या आमच्या. पाणी पिणारी ती माझी आई."

होणाऱ्या वहिनीनं दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या मायेनं, की मला वाटलं, आता कबूल करेल.

"खरं आहे त्याचं," तो म्हणाला. "त्याचीच आई ती. हा त्याच लोकांतला. आमच्याकडे सगळ्यांनाच भाऊ म्हणायची पद्धत आहे. पोरगा हुशार दिसला, म्हणून माझ्या वडिलांनी त्याला शिकवलं."

"हो, हो," सासरे हळहळले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या आणि माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.