‘थांब’ म्हणणारी वायर

संध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “सकाळी गेली,” एवढंच तिचे यजमान माधवराव म्हणाले... आणि मी त्यांना भलतंच विचारलं, जेवलात का म्हणून. महिना होत आला, माझा राग काही जात नाही. न सांगता रजेवर जायची तिला सवय नव्हती.

नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आम्ही दोघी जुनी युनिक्स मशीन्स, म्हणजे ऑफिसांतले कॉम्प्युटर, दुरुस्त करायचो. मी फटकळ, ती थंड डोक्याची. त्या डोक्याचा मला फार वैताग यायचा, मुलुंडच्या रक्तपेढीतल्या त्या दुपारपर्यंत.

माझी ताई जवळच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी पेढीत धावले, तर संध्या तिथेच कॉम्प्युटरपुढे. पेढीने नुकताच नवा, वेगवान मोडेम बसवला होता आणि तेव्हापासून मुख्य केंद्राकडून फोनलाइनवरून येणारी शाखांच्या साठ्याची यादी विचित्र दिसते अशी तक्रार होती. खिडकीतल्या काकांनी ती यादी पाहून सांगितलं, “ओ निगेटिव्ह कुठेच नाही, बाई.” मुख्य केंद्राचा दुसरा फोन सतत एंगेज.

“थांबा काका,” संध्या म्हणाली. “रक्त नसेल तर समोर शून्य येतं ना? इथे तर चेंबूरची ओळच नाहीये.”

तिने मोडेमची केबल उपटली आणि टोक उघडलं. आत तीनच वायरी. जुन्या मशीनला एका वेळी एकच अक्षर गिळता येत होतं, नवा मोडेम भराभर भरवत होता, आणि मशीनने ‘थांब’ म्हणायचं ज्या वायरीतून, ती कुणी जोडलीच नव्हती. न गिळलेली अक्षरं सांडून जात होती.

“मग जोड ना ती वायर.”

“वेळ नाही. दोन्हीकडचा स्पीड उतरवते.”

“वेड लागलंय का तुला? ताई तिकडे मरतेय आणि तू हळू करतेस?”

“हो. गप्प बस ना यार.”

तिने केबल परत खोचली, मशीनच्या पोर्टचा वेग उतरवला, मोडेमचा उतरवला, पुन्हा फोन लावला. मोडेम किंचाळला आणि यादी यायला लागली, एकेक अक्षर, मुंगीच्या पावलांनी. अंधेरी, शून्य. बोरिवली, शून्य. लाइन मध्येच तुटली तर सगळं पहिल्यापासून... घाटकोपर, शून्य. मला त्या पडद्यावर डोकं आपटावंसं वाटत होतं. मग चेंबूर. ओ निगेटिव्ह, चार.

गाडी चेंबूरहून येईपर्यंत ताईने कसाबसा तग धरला. ती वाचली.

ताईला संध्याला भेटायचं होतं. पण ती दर वेळी टाळायची. “बरी आहे ना ती? मग झालं. उगाच पाया-बिया पडेल.” मीही नंतर आग्रह सोडला, आयुष्य पडलंय म्हणून.

गेल्या रविवारी ताईला घेऊन घाटकोपरला संध्याच्या घरी गेले. “कुठे बसायची हो ती?” ताईने विचारलं. माधवरावांनी खिडकीजवळचं टेबल-खुर्ची दाखवली. ताई बसली नाही. पदराने टेबल पुसलं, मग खुर्चीची पाठ, मग खुर्चीचे हात. धूळ नव्हतीच.

“चल गं,” मी म्हटलं.

“उशीर केला मी,” ताई खुर्चीला म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागली.