तन्वीची लायट

परवा तन्वीला घेऊन म्हापशाला गेले होते, मेंदूचा ईईजी काढायला. ती दहा वर्षांची. धारगळहून बसमध्ये चढल्यापासून मी तिचा हात सोडला नव्हता…

गेलं वर्षभर ती बोलता बोलता मध्येच थांबते. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाही. शाळेतून तक्रारी आल्या. विचारलं की एकच उत्तर, "माजी लायट गेल्ली." आमच्याकडे वीज सारखीच जाते, मला वाटलं हिने बरं निमित्त शोधलंय! खूप ओरडले. एकदा तर हातही उचलला…

मग डॉक्टर म्हणाले, फिट्स असू शकतात. फिट म्हणजे जमिनीवर पडणं, तोंडाला फेस, नाकाला कांदा… एवढंच मी पाहिलेलं. ही विहिरीवर असताना झालं तर?

डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या. तपासणारी ताई सावंतवाडीकडची. म्हणाली, "बाय, मेणबत्तेर मारतंस तशी जोरान फुक मारीत ऱ्हव." तन्वी फुंकत होती… आणि एकाएकी थांबली. मी सवयीने खेकसले, "तन्वी! लक्ष खंय तुजा?"

ताईने मला हातानेच गप्प केलं. स्क्रीनवर सगळ्या रेषा एकदम उंच उसळल्या होत्या आणि कॉम्प्युटरने आपणहून त्यांच्यावर लाल खूण केली. सात सेकंद. मग रेषा शांत झाल्या आणि तन्वी पुन्हा फुंकू लागली, जणू काही झालंच नाही. माझी हाक तिला ऐकूच गेली नव्हती.

डॉक्टरांनी प्रत्येक लाल खूण स्वतः नीट पाहिली. कॉम्प्युटर फक्त दाखवतो म्हणाले, ठरवायचं आम्ही. अपस्माराचाच, म्हणजे फिट्सचाच, पण न पडता येणारा एक प्रकार निघाला; जोरात फुंकलं की तो दिसून येतो म्हणे. गोळ्यांनी बहुतेक मुलांचं थांबतं, असंही म्हणाले. पण माझी भीती काही गेली नाही. आता ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी असते.

परत येताना कोलवाळचा पूल मागे पडला. शेवटी म्हटलं, "बाय, माजा चुकला गो. तू खरा सांगी होतंस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. एक सेकंद, दोन, तीन… पुन्हा लायट गेली की काय?

मग न वळताच म्हणाली, "आयकला गे आई."

देवा, एवढं तरी तिला ऐकू दिलंस. उपकार झाले.