चपटीतली आंब

माझ्या मायनं आंब नेहमी दारूच्या रिकाम्या चपटीतच ठेवली. आंब म्हणजे हरभऱ्यावरचं आंबट दव. थंडीत पहाटे माय धनजच्या शिवारात, जिथं ती निंदायला जायची त्या मालकाला विचारून, धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून फिरवायची आणि पिळून घ्यायची. हे पाणी पत्र्याला खातं, म्हणून काच लागते. घट्ट झाकणाची काच कामरगावच्या स्टँडमागं फुकट पडलेली असायची. माय ती राखेनं घासून उकळत्या पाण्यातून काढायची. आमच्या घरी रोज पंचशील म्हटलं जातं. दारूचा थेंब चालत नाही. बाटली चालते.

वाशिमच्या कॉलेजात मी पाकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शेवटचं प्रात्यक्षिक बुडालं असतं तर पदवीच बुडाली असती. करायचं होतं रेड वाइन आणि व्हिनेगर घातलेलं चिकन. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी वाइन स्वतः आणली होती. पांढऱ्या नॅपकिनवर ती बाटली उभी होती आणि मुली मोबाइलवर तिचे फोटो काढत होत्या.

वाइन घालणार नाही हे मी आमच्या मॅडमना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "नको घालूस. पण चव जमली पाहिजे, ते तुझ्यावर." त्यांचे उपकार मी आजही मानते. वाइनच्या जागी मी अंबाडीची वाळलेली लाल फुलं थोडा गूळ घालून उकळली आणि तुरटपणासाठी चिमूटभर चहापत्ती टाकली. व्हिनेगरच्या जागी पिशवीतून मायची चपटी काढली.

शेजारच्या ओट्यावरची मैत्रीण हसली. "अवं, पेपरले क्वार्टर घेऊन आली काय तू?"

सर वळले. त्यांनी बाटली पाहिली, मग ओट्यावरच्या चिठ्ठीवर माझं आडनाव पाहिलं. "हे कॉलेज आहे. वस्तीतल्या सवयी वस्तीत ठेवायच्या. सामान आवरा."

मी चपटी उचलून त्यांच्यासमोर धरली. "सर, दारू तुमच्या टेबलावर आहे. माझ्या बाटलीत हरभऱ्याची आंब आहे. आधी तुमची बाटली हुंगा, मग माझी."

झाकण उघडून मी चमचाभर आंब सगळ्यांदेखत पिऊन टाकली. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चमचा भरून सरांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. मॅडम आल्या, तळहातावर थेंब घेऊन त्यांनी चाखला आणि तोंड वाकडं करत म्हणाल्या, "आंबच आहे, सर. करू द्या तिला."

"करा. पण हे ऑथेंटिक नाही. मार्क कापले जातील."

"कापा," मी म्हणाले.

आंब व्हिनेगरपेक्षा जहाल, म्हणून चिकन शिजल्यावर थेंबाथेंबानं घातली. सरांनी बशी संपवली. शेऱ्यात लिहिलं, 'पर्यायी घटक वापरले.' तो शब्द मला पटला नाही, अजून पटत नाही. आमच्या घरात व्हिनेगर कधी नव्हतंच, मग आंब कशाला पर्याय?

मार्क कापले गेले. मी पास झाले.

त्या संध्याकाळी मायला फोन केला. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "त्याईनं चाखली काय?"

"आंब नाही चाखली. चिकन सगळं खाल्लं."

"मंग पोटात तर गेलीच ना." माय हसली. मग म्हणाली, "बाटलीपायी बोलणं खाल्लं तू. औंदा शरबताची बाटली पाहू काय तुह्यासाठी?"

"नाही," मी म्हणाले. "चपटीतच भर."

आता मी मालेगावात मुलींना स्वयंपाक शिकवते. आंब तिथंही चपटीतच असते, ओट्यावर, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशी.